‘दिसलं नाही’ या नोंदीची किंमत

साशंक : तू हिवाळाभर गच्चीवर दुर्बीण लावून बसतेस, याला माझी हरकत नाही. तू जे पाहायला बसतेस त्याबद्दल मात्र मला विचारायचं आहे. शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातली मोठी अभ्रिका हे सगळं देवळाली कॅम्पातून दिसतं आणि पाहणाऱ्याच्या पदरात काही पडतं. तू शोधतेस त्या काळ्या धूलिमेघांत नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवतीच्या अभ्रिका. आता बघ, तो तारा स्वतः धुळीआड असतो. त्याचा थोडा उजेड ढगातल्या एखाद्या वाटेने बाहेर पडतो, पलीकडच्या धुळीवर आपटतो, विखुरतो, शेकडो-हजारो वर्षं प्रवास करतो आणि शेवटी नाशिक रोडच्या दिव्यांनी फिकट झालेल्या आपल्या हवेतून तुझ्या आठ इंची आरशावर येतो. तुला दिसतो एक राखाडी डाग. तोसुद्धा सरळ पाहिलं तर नाही, नजर जरा बाजूला केली तर. जेम्स वेब दुर्बीण अवरक्त किरणांत त्या धुळीच्या आरपार बघते. तिने काढलेली छायाचित्रं घरबसल्या मिळत असताना तू थंडीत कुडकुडत काय मिळवतेस?

हौशी : सर, आधी आपल्या आकाशाची बाजू मांडते. कॅम्पाचं आकाश तुम्ही म्हणता तितकं वाईट नाही, निदान मला हव्या त्या दिशेला नाही. नाशिक शहर आणि नाशिक रोड आपल्या उत्तरेला. दक्षिणेला भगूर आणि त्यापुढे पांढुर्लीकडची शेतं. आपण जवळजवळ वीस अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मृगाच्या पट्ट्याजवळची एम ७८ ही अभ्रिका मध्यमंडलावर येते तेव्हा क्षितिजापासून सत्तर अंश वर असते. युरोपातल्या लोकांना ती याच्या निम्म्या उंचीवर मिळते. कॅम्पात इमारती अजून बुटक्या आहेत, झाडं जुनी आणि मोठी आहेत, बंगल्यांची आवारं मोठी आहेत. पौषात हवा कोरडी पडते. एवढ्यावर बरंच काही जमतं.

पण तुमचा प्रश्न आकाशाचा नाही, कशासाठी हा आहे. त्याचं माझं उत्तर असं. सूर्यमालेबाहेर दुर्बिणीतून जे काही दिसतं, त्यातलं जवळजवळ सगळं माणसाच्या आयुष्यात जसंच्या तसं राहतं. देवयानी दीर्घिका माझ्या आजीने पाहिली असती तर तिला तीच दिसली असती. रूपविकारी तारे उजळतात-मंदावतात, पण ते बिंदूच. आकार असलेली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आकार बदलणारी गोष्ट हवी असेल, तर नवजात ताऱ्यांच्या या धूळभरल्या परिसरात जावं लागतं. तारा अजून पुरता स्थिरावलेला नसतो. त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत असते, चकतीतला माल तारा सारखा गिळत असतो. कधी कधी चकतीत माल तुंबतो आणि एकदम कोसळतो. मग तारा भडकतो आणि आजवर काळोखात असलेली धूळ उजळून निघते. काल जिथे काही नव्हतं तिथे अभ्रिका! २३ जानेवारी २००४ ला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पडूका गावी, जे मॅकनील या हौशी निरीक्षकाने आपल्या अंगणातून अवघ्या तीन इंची दुर्बिणीने एम ७८ चं छायाचित्र घेतलं. नंतर ते नीट पाहताना शेजारी एक छोटा पंखा दिसला, जो कुठल्याच नकाशात नव्हता. आज ती मॅकनीलची अभ्रिका म्हणून ओळखली जाते. तिच्या टोकाशी धुळीत बुडालेला तारा आहे, त्याला व्ही १६४७ ओरायनिस म्हणतात. तो काही महिन्यांपूर्वीच भडकला होता आणि जगभरच्या मोठ्या दुर्बिणींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

साशंक : उदाहरण छान आहे, पण ते तुझ्या बाजूचं नाही. मॅकनीलने ती अभ्रिका डोळ्याने पाहिली नाही, सीसीडी कॅमेऱ्यावर टिपली. तुझ्याकडे कॅमेरा नाही. ती सर्वांत तेजस्वी होती तेव्हासुद्धा तुझ्या आठ इंची दुर्बिणीत, कॅम्पातून, दिसली नसती. आणि ते साल २००४ होतं. आता पालोमारवर २०१८ पासून एक स्वयंचलित कॅमेरा उत्तरेकडचं सगळं आकाश दर दोन-तीन रात्रींनी झाडून घेतो. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं २०२५ च्या जूनमध्ये आली. कुठे काही भडकलं की संगणकच आरडाओरडा करतो. अंगणातल्या माणसासाठी जी खिडकी उघडी होती ती आता मिटली. तुझं हे बसणं म्हणजे रेल्वे येऊन गेल्यावर टांगा जुंपून उभं राहणं आहे.

हौशी : शोध लावण्याची खिडकी मिटली असेल, मान्य. ‘मी पहिली’ म्हणायला मी बसत नाही. पण मॅकनीलच्या गोष्टीचा एक भाग फार थोडे लोक सांगतात, तो ऐका. त्याचा शोध लागल्यावर लोकांनी जुनी छायाचित्रं काढून पाहिली. एव्हरेड क्रायमर यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये काढलेल्या एम ७८ च्या छायाचित्रात ती अभ्रिका स्पष्ट होती. हे छायाचित्र कुठल्या अडगळीत पडलेलं नव्हतं. मेसिए यादीतल्या वस्तूंचं जे पुस्तक हौशी मंडळी वर्षानुवर्षं उशाशी ठेवतात, त्यात ते छापलेलं होतं. हजारो लोकांनी त्या पानावरून नजर फिरवली आणि कुणालाही ‘इथे हे काय?’ असं वाटलं नाही, कारण तो कोपरा पाठ असलेला माणूस त्यांत नव्हता. म्हणजे चित्र असणं वेगळं आणि पाहिलेलं असणं वेगळं. संगणकाला कुठे काय बदललं ते कळतं, बरोबर. पण बदल म्हणजे काय, हे आधी त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. एखादी अभ्रिका हळूहळू एका कडेने झिजते, तिच्या पोटातून काळी रेघ सरकते, असल्या बदलांपाशी कोण किती दिवस थांबतं?

आणि थांबणाऱ्यांचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. व्ही १६४७ चा पहिला भडका २००६ च्या सुरुवातीपर्यंत ओसरला. २००८ मध्ये तो तारा पुन्हा उजळला. या दुसऱ्या भडक्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या निनान, ओझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २००८ पासून मार्च २०१३ पर्यंत लक्ष ठेवलं. तेजमापनाच्या १२४ रात्री आणि वर्णपटाच्या ५९. दुर्बिणी दोन. एक लडाखात हान्लेला, दुसरी आयुका संस्थेची गिरवलीची दोन मीटरची. गिरवली म्हणजे जुन्नरच्या बाजूला, आपल्या या गच्चीवरून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर. मी इथून मृगाकडे पाहते तेव्हा नजर त्याच डोंगरांवरून जाते. साडेचार वर्षं एका मंद ताऱ्याशी टिकून राहणं हा शोध नव्हे, ही राखण आहे. मला ती करायची आहे.

साशंक : आणि त्या राखणीतून त्यांना काय मिळालं तेही सांग. तो तारा तांबड्या प्रकाशात वर्षाला तेजाच्या सुमारे ०.०४ प्रतीने मंदावत होता, पहिल्या भडक्यात याच टप्प्यावर होता त्याच्या सहापट हळू. हे ज्ञान आहे, कारण त्यात आकडा आहे आणि त्या आकड्यावरून चकतीतला माल कसा कोसळतो याबद्दल दोन सिद्धांतांमध्ये निवड करता येते. तुझ्या डोळ्याचं काय? बिंदुवत ताऱ्याची तुलना शेजारच्या ताऱ्यांशी करतानाही चांगल्या सवयीचा निरीक्षक एक-दोन दशांश प्रतीने चुकतो. अभ्रिकेसारख्या पसरट डागाची तर शेजारच्या ताऱ्यांशी तुलनाच करता येत नाही. म्हणजे त्यांना जो उतार साडेचार वर्षांत सापडला, तो सगळाच्या सगळा तुझ्या एका रात्रीच्या चुकीत बुडून जाईल.

शिवाय डोळ्याला जे हवं असतं तेच तो पाहतो. वृषभातल्या टी टॉरी ताऱ्याजवळची हाइंडची अभ्रिका आठव. जॉन हाइंडने ती १८५२ मध्ये लंडनमध्ये पाहिली. १८६१ मध्ये दारेस्त म्हणाला, ती नाहीशी झाली. १८६८ मध्ये ओटो स्ट्रूव्हने त्याच भागात, काही कला अंतरावर, आणखी एक अभ्रिका पाहिल्याचं नोंदवलं. तिला एनजीसी १५५४ असा क्रमांकसुद्धा मिळाला. ती नंतर धडपणे कुणालाच सापडली नाही. आजही यादीत क्रमांक आहे आणि आकाशात अभ्रिका नाही. स्ट्रूव्ह काही नवशिका नव्हता, युरोपातल्या उत्तम दुर्बिणींपैकी एक त्याच्या हाताशी होती. त्याने खरंच काही पाहिलं आणि ते विझलं, की दमलेल्या डोळ्याने काळोखात काहीतरी रचलं, हे आज कसं ठरवणार?

हौशी : हीच गोष्ट मी दुसऱ्या टोकाने वाचते. हाइंडची अभ्रिका खरीच होती आणि खरीच मंदावली. १८९० मध्ये लिक वेधशाळेच्या छत्तीस इंची दुर्बिणीतून बर्नहॅम आणि बर्नार्ड यांना ती अतिशय अंधूक अशी पुन्हा दिसली. आज ती छायाचित्रांत आहे. म्हणजे दारेस्तची ‘दिसत नाही’ ही नोंद चूक नव्हती. बदलत्या अभ्रिकांची सगळी कथाच त्या एका नकारापासून सुरू होते. तोवर सगळे ‘दिसलं’ एवढंच लिहीत. ‘इथे असायला हवं होतं आणि नाही’ हे लिहायला जास्त धीर लागतो, कारण आपल्याच डोळ्यांवर, आपल्याच दुर्बिणीवर शंका येते. दारेस्तची नोंद आपण मानतो आणि स्ट्रूव्हच्या नोंदीपाशी अडखळतो, याचं कारण एकच. एका नोंदीला इतरांचा दुजोरा मिळाला, दुसरीला मिळाला नाही. दोष डोळ्याचा नाही, एकटेपणाचा आहे.

आता मी काय पाहते ते सांगते. मॅकनीलची अभ्रिका माझ्या आवाक्यात नाही, ती तर अलीकडच्या वर्षांत पुन्हा दिसेनाशीही झाली. माझी रोजची वस्तू म्हणजे एनजीसी २२६१, हबलची रूपविकारी अभ्रिका. काक्षी आणि प्रश्वा यांच्यामधल्या फिकट भागात, शृंगाश्वात. पौष अमावास्येच्या पुढेमागे रात्री साडेदहाच्या सुमाराला ती जवळजवळ डोक्यावर असते. एनजीसी २२६४ हा तारकागुच्छ आधी पकडायचा, तिथून अंशभर दक्षिणेला उतरायचं. कमी शक्तीच्या आयपीसमध्ये ती चटकन दिसते. लहान आहे, पण तिचा उजेड एकवटलेला आहे, म्हणून आपल्या आकाशातही टिकते. मग शक्ती वाढवायची आणि थांबायचं. दक्षिणेच्या टोकाला एक गच्च ठिपका, तारा म्हणावा तर थोडा केसाळ. तो आर मोनोसेरॉटिस. त्याच्यापासून उत्तरेकडे पसरलेला पंखा. पहिली काही मिनिटं पंखा सपाट वाटतो. मग नजर बाजूला नेली की एक कड दुसरीपेक्षा धारदार असल्याचं लक्षात येतं, मधे कुठेतरी उजेड पातळ झालेला असतो. लाल बॅटरीच्या उजेडात मी तो पेन्सिलीने काढते, बोटाने पुसते, पुन्हा पाहते. मागच्या वेळचं चित्र मुद्दाम जवळ ठेवत नाही. सकाळी दोन्ही शेजारी ठेवते.

१७८३ मध्ये विल्यम हर्शलने ही अभ्रिका शोधली. ती बदलते हे १९१६ मध्ये एडविन हबलने सांगितलं, तेव्हा तो यर्किस वेधशाळेत विद्यार्थी होता. पुढे लॉवेल वेधशाळेत लॅम्पलंड यांनी वर्षानुवर्षं तिच्या शेकडो प्लेट घेतल्या. पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीचं पहिलं छायाचित्र घ्यायची वेळ आली तेव्हा, २६ जानेवारी १९४९ च्या रात्री, हबलने दुर्बीण हिच्याकडेच वळवली. जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीसाठी त्याने निवडलेलं हे पहिलं लक्ष्य माझ्या गच्चीवरून दिसतं, हे मला दरवेळी नव्याने विलक्षण वाटतं.

साशंक : बरं. पण तिथे बदलतं काय, हे तू मला एकदा सांगितलं होतंस. अभ्रिकेतली धूळ हललेली नसते. ताऱ्याच्या अगदी जवळून धुळीचे पुंजके फिरतात आणि त्यांच्या सावल्या लांबच्या धुळीवर पडतात. कंदिलासमोरून बोट फिरवलं की समोरच्या सगळ्या भिंतीवर काळोखाचा पट्टा धावतो, तसं. पंख्याची लांबी प्रकाशवर्षाच्या घरात, म्हणून ती सावली टोकापर्यंत पोहोचायला महिने लागतात आणि तुला ती ‘हळूहळू सरकताना’ दिसते. म्हणजे तू अभ्रिकेचा बदल टिपत नाहीस. तू टिपतेस ती भिंतीवरची सावली, आणि बोट कुणाचं ते तुला दिसत नाही.

उजेड-काळोखावरून गोष्ट रचणं किती फसवं असतं याचं याहून मोठं उदाहरण मृगातच आहे. दक्षिण भागातली एनजीसी १९९९. तिच्या मध्यावर एक काळा ठिपका आहे. वर्षानुवर्षं सगळे म्हणत आले, हा घट्ट धुळीचा गोळा, मागचा उजेड अडवणारा. २०१० मध्ये हर्शल अवकाश दुर्बिणीने अवरक्त किरणांत पाहिलं. धुळीचा गोळा असता तर तो त्या किरणांत चमकायला हवा होता. तिथेही तो काळाच निघाला. ती भेग होती, खरीखुरी पोकळी! आणि यातली गंमत बघ, आधीच्या काळात चूक नेमकी उलटी होती. ज्याचं नाव त्या दुर्बिणीला दिलं, त्या विल्यम हर्शलला आकाशगंगेतले काळे डाग म्हणजे ताऱ्यांमधली रिकामी भोकं वाटत होती. ते धुळीचे ढग आहेत हे पटायला पुढे सव्वाशे वर्षं गेली. बर्नार्डने १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या जागांची यादी केली, तोही आधी कितीतरी वर्षं द्विधा मनःस्थितीत होता. काळोखाकडे नुसतं पाहून तो रिकामा की भरलेला, हे सांगता येत नाही. मग तुझ्या चित्रातला पातळ झालेला उजेड म्हणजे सावली, की भोक, की तुझ्या आयपीसवर धरलेलं धुकं?

आणि आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर नायगमवालांचं घे. कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून ज्यांनी वेधशाळा उभारली. १८९१ मध्ये त्यांनी मृगातल्या अभ्रिकेवर काम केलं. तेव्हा लंडनमध्ये लॉकियर आणि हगिन्स या खगोलशास्त्रज्ञांत वाद पेटला होता. लॉकियरचं म्हणणं, अभ्रिकेच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे, आणि अभ्रिका म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. हगिन्सला हे मान्य नव्हतं. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं आणि सांगितलं, वर्णपटदर्शकाची फट कितीही रुंद-अरुंद करा, रेषा बारीक आणि स्वच्छच राहते. पट्ट्याचा अवशेष असता तर ती एका बाजूला पुसट व्हायला हवी होती. लॉकियरच्या मताला तो धक्का होता. ती रेषा ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं. आता बघ, नायगमवालांनी अभ्रिकेचं चित्र काढत वेळ घालवला नाही. त्यांनी उजेड फोडून पाहिला. तुझ्या परावर्तन अभ्रिकांचा स्वभावसुद्धा असाच कळला. १९१२ मध्ये स्लायफरने कृत्तिकांच्या अभ्रिकेचा वर्णपट घेतला, तो शेजारच्या ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच निघाला, म्हणून कळलं की हा उजेड उसना आहे. आकार बघून कुणालाही कळलं नव्हतं.

हौशी : नायगमवालांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ते माझे साक्षीदार आहेत. सर, त्यांनी ती रेषा कशाने पाहिली? वर्णपटदर्शकाला डोळा लावून. त्यांना रेषेचं तेज किती हे मोजायचं नव्हतं. प्रश्न होता तिच्या कडेचा. धारदार की पुसट, सारखी की एका अंगाला झुकलेली. किती उजेड, हे सांगायला डोळा कच्चा आहे, तुमचं शंभर टक्के खरं. पण एक कड दुसरीपेक्षा धारदार आहे का, हे त्याच क्षणी, त्याच दृश्यात, शेजारी शेजारी ठेवून सांगायला डोळा पक्का आहे. तिथे तुलना करायला दुसरा तारा लागत नाही, वस्तूची तुलना तिच्याशीच होते. म्हणून ०.०४ प्रतीचा उतार मी गिरवलीवर सोडते. माझ्या वाट्याला पंख्याची कड आहे.

सावलीचं म्हणाल, तर सावली टिपणं मला कमी वाटत नाही. आर मोनोसेरॉटिसच्या अगदी जवळचे ते पुंजके सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षांवरून कुठल्या दुर्बिणीला सुटे दिसणार? त्यांच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं त्या भिंतीवरूनच कळतं. तारा स्वतःला दाखवत नाही, पण आपल्या भोवतीच्या गर्दीची हालचाल प्रकाशवर्षभर लांबीच्या पडद्यावर मोठी करून दाखवतो. बोट दिसत नाही म्हणून सावलीची नोंद खोटी ठरत नाही.

साशंक : कड हा शब्द तू वापरलास, आता मला नेमकं बोट ठेवता येतं. पंख्याला कड कुठे असते? दोन्ही बाजूंना ती, ढगातल्या ज्या वाटेने उजेड बाहेर पडतो त्या पोकळीच्या भिंतीशी असेल, पण वरच्या टोकाला, उत्तरेला, पंखा हळूहळू फिका होत जातो. तुला तो ज्या जागी संपलेला दिसतो, तिथे तो संपलेला नसतो. तिथे त्याचा उजेड तुझ्या आकाशाच्या उजेडाखाली जातो, एवढंच. आणि तुझ्या आकाशाचा उजेड स्थिर नाही. दुर्बीण मोठी घेऊनही हे सुटत नाही. आरसा मोठा झाला की ताऱ्याचा बिंदू उजळतो, पण पसरट अभ्रिका आणि तिच्या मागचं आकाश दोन्ही एकाच मापाने वाढतात, त्यांच्यातला फरक तेवढाच राहतो.

आता पुढचं. जुने सोडियमचे दिवे पिवळे होते. त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले, त्यांत निळा भाग जास्त. रात्रीला सरावलेला डोळा नेमका निळ्या-हिरव्याकडे जास्त संवेदनशील असतो. आणि तुझ्या अभ्रिका धुळीने विखुरलेल्या, म्हणजे त्याही निळसरच. मृगातल्या मोठ्या अभ्रिकेसारखी स्वतः चमकणारी वस्तू असती तर त्या ठरावीक रेषांचं फिल्टर लावून आकाश काळं करता आलं असतं. उसन्या उजेडाच्या अभ्रिकेला ते फिल्टर लावलं तर आकाशाबरोबर तीही जाते. म्हणजे शहराचा उजेड सर्वांत आधी कुणाला खाणार, तर तू जिची राखण करतेस तिला. नाशिक वाढतंय, लॅम रोडवर नवी घरं होतायत, सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतील आणि त्यांवर दिवे येतील. ते व्हायलाच हवेत, लोकांना रात्री चालायचं असतं. पण तुझी वही दहा वर्षांनी कुणी उघडली तर त्याला काय दिसेल? दरवर्षी पंखा थोडा आखूड. तो म्हणेल, एनजीसी २२६१ आटत चालली. खरं काय? देवळाली उजळत चालली.

हौशी : याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मी प्रत्येक चित्राखाली त्या रात्री एका ठरावीक तुकड्यात डोळ्याने दिसलेला सर्वांत मंद तारा लिहिते. त्यावरून आकाश कसं होतं ते कळतं.

साशंक : ताऱ्यांसाठी कळतं. पसरट वस्तूसाठी त्याचं उत्तर वेगळं येतं, हे आत्ताच मी म्हटलं.

हौशी : म्हणून त्याच रात्री एम ७८ ही पाहते. तीही परावर्तन अभ्रिका, तीही निळसर, पण ती बदलत नाही. दोघी एकत्र आखूड झाल्या तर दोष आकाशाचा. एम ७८ जशीच्या तशी आणि हबलची आखूड, तर दोष ताऱ्याचा.

साशंक : हे चांगलं आहे. पण एम ७८ मृगात, हिची जागा जवळजवळ एका तासाने मागे. एकीला बघेपर्यंत दुसरीची उंची बदलली, मधे दारणा नदीकडून दव चढलं, कुणी शेताच्या बांधावर पाचट पेटवलं. आणि दोघींच्या उजेडाची ठेवण वेगळी, एक पसरट आणि एक गच्च. आकाश तेवढंच उजळलं तरी दोघी सारख्याच प्रमाणात आखूड होतील असं नाही.

हौशी : मग दुसरा माणूस हवा. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, जिथे अजून बराच काळोख आहे, तिथे त्याच रात्री, त्याच वेळी, तसल्याच आरशाने. दोन आकाशं, अभ्रिका एक. त्याच्या आणि माझ्या चित्रात जो फरक निघेल तो आकाशाचा, जो बदल दोघांच्या चित्रांत सारखा निघेल तो अभ्रिकेचा. स्ट्रूव्हकडे असा माणूस असता तर त्या क्रमांकाची आज ही दशा झाली नसती.

साशंक : फरक आकाशाचा की दोन डोळ्यांचा?

हौशी : जागा बदलायच्या. एका अमावास्येला मी तिकडे, तो इकडे.

साशंक : आता तू मापन करायला लागलीस, म्हणून मी ऐकतोय. पण मग हेही बघ, काळोखातल्या माणसाचं चित्र नेहमीच जास्त खोल असणार. देवळालीच्या चित्राची गरज काय उरली? त्यालाच एकट्याला बसू दे.

हौशी : नाही, सर, इथेच मी अडून बसते. त्याचं एकट्याचं चित्र अभ्रिकेबद्दल बोलेल. माझं आणि त्याचं मिळून एक आणखी गोष्ट सांगेल, की कॅम्पातून काय दिसायचं थांबलं आणि कधी. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, देवळालीतून साध्या दुर्बिणीने नवजात ताऱ्याची अभ्रिका शेवटची कधी दिसली, तर त्याचं उत्तर रुबिन वेधशाळेच्या साठ्यात नसेल. आणि तुम्ही म्हणालात तशी ती आधी जाणार असेल, तर तिच्यावर लक्ष ठेवणं म्हणजे आपल्या आकाशावरच लक्ष ठेवणं झालं. एकाच वहीत दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या काढता आल्या पाहिजेत, एवढंच मला तुमच्याकडून शिकायचं आहे.

साशंक : आणि त्या वेगळ्या निघतील याची खात्री मला नाही. समजा उद्या असं काही घडलं. १९३६-३७ मध्ये एफयू ओरायनिस सोळाव्या प्रतीवरून नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत चढला, १९६९ मध्ये हंसातला व्ही १०५७ तसाच भडकला. असा एखादा तारा तुझ्या ओळखीच्या काळ्या ढगात भडकला आणि त्याच्याभोवतीची धूळ तुझ्या आवाक्यात येईल इतकी उजळली. संगणकाच्या आधी तुला दिसलं. तू स्वतःवर विश्वास ठेवशील?

हौशी : लगेच नाही. आधी तुम्हाला बोलावीन. कुठे काय पाहायचं ते सांगणार नाही. फक्त तेवढा भाग आयपीसमध्ये धरून ठेवीन आणि विचारीन, काय दिसतंय ते काढा. तुमच्या हाताने तो डाग कागदावर उतरला तर मी कळवीन.

साशंक : आणि माझ्या कागदावर नाही उतरला तर?

हौशी : तर तेही लिहीन. वेळ, आकाश, आणि ‘सरांना दिसलं नाही’.

साशंक : अगं, माझ्या डोळ्यातलं भिंग सत्तरीला पिवळं पडलंय. निळा उजेड त्यातून गाळूनच येतो. डॉक्टर मोतीबिंदू काढायचं म्हणतायत. आज नाही दिसलं आणि ऑपरेशननंतर पुढच्या पौषात दिसलं, तर तू वहीत काय लिहिशील, तारा उजळला?

हौशी : तुमचं ऑपरेशन झाल्याची तारीख लिहीन.

साशंक : लिही. पण या वर्षीचा माझा ‘नाही’ ताऱ्याचा, आकाशाचा की भिंगाचा, ते त्या तारखेवरून ठरायचं नाही.